कार्डिनल सेरेजेइरा गप्प का बसले?

सांगलीकर (धागाकर्ता)
मोहन रानडे हे नाव इथे बहुतेकांना ठाऊक असेल. मूळचे आमच्या सांगलीचे, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी अवस्थेत पकडले गेले. २६ वर्षांची सजा झाली आणि पुढे पोर्तुगालला नेऊन काशियासच्या किल्ल्यात डांबलं. गोवा १९६१ मध्ये सुटला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके आणि मंडळींनी जंग जंग पछाडलं. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तर थेट पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला होता.

माझा प्रश्न असा, की रोमपर्यंत जायची वेळ का यावी? काशियास लिस्बनच्या वेशीवर आहे. लिस्बनच्या चर्चप्रमुखाच्या गादीवर १९२९ ते १९७१ एकच माणूस होता, कार्डिनल सेरेजेइरा. कोइंब्रा विद्यापीठाच्या दिवसांत ते आणि पोर्तुगालचा पुढचा हुकूमशहा सालाझार वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिलेले. हुकूमशहाला अरेतुरे करू शकेल असा याच्याइतका जवळचा माणूस अख्ख्या देशात नसेल.

मैत्रीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यातल्या १९४० च्या करारात चर्चने भरपूर पदरात पाडून घेतलं: शाळांत धर्मशिक्षण, आफ्रिकेतल्या मिशनांना सरकारी पैसा, आणि चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोट बंद. पुढे १९५८ मध्ये पोर्तोचे बिशप आंतोनियो फेरैरा गोमिश यांनी सालाझारला पत्र लिहून गरिबी, कामगारांचा संपाचा हक्क आणि राजकीय स्वातंत्र्य हे विषय काढले. वर्षभरात ते देशाबाहेर गेले आणि परतताना त्यांना सरहद्दीवरूनच माघारी लावलं. दहा वर्षं वनवास! आपल्याच एका बिशपला सरकार घरी येऊ देत नाही आणि कार्डिनलसाहेब जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभे राहत नाहीत. याला मी तरी मिंधेपणाच म्हणेन.

आगाशीचा गोन्सालविस
सांगलीकर, तुम्ही गोष्ट १९४० पासून सुरू केलीत, ती १९१० पासून सुरू करा. राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि पहिल्या काही दिवसांतच जेझुइट पंथाच्या पाद्र्यांना हाकललं. मठ बंद झाले. १९११ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता सरकारजमा केली. सेरेजेइरा तेव्हा ऐन विशीत, पाद्री व्हायच्या वाटेवर. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं, त्याला सालाझारच्या काळात मिळालेली उसंत वाऱ्यावर सोडावीशी वाटेल का? आणि करार नीट बघा. कॅथलिक धर्म राज्याचा धर्म झाला नाही, गेलेली सगळी मालमत्ताही परत आली नाही. सालाझार मित्राला फुकट काही देणारा नव्हता.

मी वसईचा ख्रिस्ती आहे म्हणून वकिली करतोय असं समजू नका. आमच्याकडच्या जुन्या माणसांना पोर्तुगीज राजाश्रयाची पाद्रोआदो व्यवस्था आणि रोमची थेट सत्ता यांच्यातली भांडणं चांगली माहीत होती. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचा, तेही १९५० मध्ये संपलं.

फोंडेकर
गोन्सालविस, बरं झालं १९११ काढलंत. त्या साली प्रजासत्ताकाने ज्यांना बिशपपदावरून घालवलं ते आंतोनियो बारोझो कुठले होते? पोर्तोचेच! म्हणजे एकाच गादीवरचा माणूस पाखंडी सरकारनेही घालवला आणि धर्माभिमानी सरकारनेही. पहिल्या वेळी चर्च छळ झाला म्हणून ओरडलं ना? मग दुसऱ्या वेळी दातखीळ का बसली?

घटस्फोटित (नावावर जाऊ नका)
त्या लग्नाच्या कलमावरून कोणी काही बोलत नाही म्हणून लिहितो. १९४० नंतर ज्यांनी चर्चमध्ये लग्न केलं त्यांना ते मोडताच येईना. नवरा-बायको वेगळे होत, दुसरं घर मांडत, पण कायद्याने पहिलंच लग्न उभं. दुसऱ्या घरातली मुलं अनौरस. हे हुकूमशाही संपवणाऱ्या १९७४ च्या लष्करी क्रांतीनंतर, १९७५ मध्ये बदललं. राजकीय कैदी मोजके असतात हो, ही झळ घरोघर पोचलेली.

आगाशीचा गोन्सालविस
ते कलम वाईटच होतं, त्यावर माझा वाद नाही.

फोंडेकर, दातखीळ म्हणा हवं तर. पण सालाझार चर्चचं किती ऐकत होता ते बघा. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल मुंबईला आले. माझी आजी पहाटेची गाडी पकडून गेली होती, तिने फक्त गर्दी पाहिली. गोवा घेणाऱ्या भारतात पोप जातात म्हणून लिस्बन सरकारचा तिळपापड झाला. परराष्ट्रमंत्री फ्रांको नोगेइरा यांनी तो पोर्तुगालचा अपमान ठरवला आणि तिथल्या वर्तमानपत्रांत सेन्सॉरने बातम्यांना कात्री लावली. जो खुद्द पोपच्या बातम्या कापतो, तो कार्डिनलचं ऐकणार?

सांगलीकर
हा मुद्दा उलट तुमच्यावरच येतो. पोपला सालाझारची भीड वाटली नाही. १९६७ मध्ये ते पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थस्थानी गेले तेव्हा लिस्बन टाळून मोंते रेआलच्या लष्करी विमानतळावर उतरले, राजधानीचा पाहुणचार नको म्हणून. १९७० मध्ये अंगोला, मोझांबिक, गिनी इथल्या बंडखोर नेत्यांना व्हॅटिकनमध्ये भेटले, पोर्तुगालने राजदूत माघारी बोलावला तरी. ही मोकळीक एकाच चर्चमधल्या एकाला सापडते आणि दुसऱ्याला चाळीस वर्षांत सापडत नाही?

आगाशीचा गोन्सालविस
रोममध्ये बसून धीट होणं सोपं. पिदेचे, म्हणजे सालाझारच्या गुप्त पोलीस खात्याचे, लोक तिथे नव्हते. शिवाय तारखा बघा. सप्टेंबर १९६८ मध्ये सालाझार आजारपणामुळे सत्तेवरून गेला, काएतानो आला. रानडे सुटले पुढच्या जानेवारीत, पोर्तोचे बिशप परतले १९६९ च्याच जूनमध्ये. सालाझार खुर्चीवर होता तोवर पोपचा शब्दही चालला नाही, मग सेरेजेइरांचा कसा चालला असता?

फोंडेकर
चालला नसता, कबूल. पण टाकला तरी असता! शब्द वाया जाणं आणि शब्दच न काढणं यात फरक आहे की नाही? आणि पिदेचं म्हणाल तर लिस्बनच्या कार्डिनलला काशियासमध्ये टाकायची छाती सालाझारची नव्हती. पोर्तोच्या बिशपलासुद्धा त्याने तुरुंगात घातलं नाही, सरहद्दीबाहेर ठेवलं. फेरैरा गोमिशांकडे यातलं काहीच कवच नव्हतं, तरी त्यांनी पत्र लिहिलं.

घटस्फोटित (नावावर जाऊ नका)
एक गंमत सांगतो, कुणाच्या बाजूने धरायची ते तुम्ही ठरवा. क्रांतीच्या दिवशी, २५ एप्रिल १९७४ ला मध्यरात्रीनंतर, लष्करी तुकड्यांना बाहेर पडायचा पक्का इशारा रेडिओवरच्या गाण्यातून मिळाला. ते स्टेशन होतं रादियो रेनासेन्सा, चर्चचं स्वतःचं, सेरेजेइरांच्याच अमदानीत निघालेलं.

आगाशीचा गोन्सालविस
माझ्या बाजूने धरा. ते स्टेशन टिकलं कारण कोणीतरी चाळीस वर्षं सरकारशी जमवून घेतलं.

सांगलीकर
गाणं लावणाऱ्यांनी कार्डिनलांची परवानगी घेतली नव्हती, गोन्सालविस.