एझेडओ टार्गेट: ४एन घ्यावं की ५एन? आणि हे तडकतं का?

पारदर्शक_काच
नमस्कार मंडळी. पीएचडी चालू आहे, विषय एझेडओ म्हणजे अ‍ॅल्युमिनियम डोप केलेलं झिंक ऑक्साइड, काचेवर पारदर्शक कंडक्टिंग फिल्म, आयटीओला (इंडियम टिन ऑक्साइड) स्वस्त पर्याय वगैरे नेहमीचीच स्टोरी. डिपार्टमेंटला आरएफ मॅग्नेट्रॉन आहे (व्हॅक्युममध्ये प्लाझ्माने टार्गेट नावाच्या चकतीचे अणू उडवून काचेवर बसवायचे, म्हणजे स्पटरिंग), २ इंची गन म्हणजे चकती धरणारा भाग, टार्गेट २ टक्के अ‍ॅल्युमिनावालं, ३ मिमी जाड. फिल्म दिसायला झकास पण रेझिस्टिव्हिटी काही केल्या १०^-२ ओम-सेंमीच्या खाली येत नाही, पेपरात लोक बिनधास्त १०^-४ दाखवतात. त्यात परवा चेंबर उघडला तर टार्गेटला आरपार तडा. सप्लायरला फोन केला तर म्हणे तुम्हीच पॉवर जास्त दिली असणार (१०० वॉट देतो, जास्त आहे का?). आता सर म्हणतायत प्युरिटीचाच घोळ आहे, ५एन (९९.९९९ टक्के शुद्ध) मागव. कोटेशन आलंय, ४एनच्या जवळपास दुप्पट. ग्रँटचे पैसे मार्चच्या आत संपवायचेत म्हणून घाई आहे. ५एन घेतल्याने खरंच फरक पडेल का?

व्हॅक्युमवाला_नागपूर
सरांचा मान ठेवून सांगतो, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय तुमचं. साधा हिशोब करा. ४एन म्हणजे ९९.९९, एकूण भेसळ १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग). झिंक ऑक्साइडमध्ये एका घन सेंमीत झिंकचे अणू साधारण ४ × १०^२२, त्याचे १०० पीपीएम म्हणजे ४ × १०^१८. आणि चांगल्या एझेडओत कॅरियर, म्हणजे वीज वाहणारे इलेक्ट्रॉन, किती असतात, तर १०^२० ते १०^२१. म्हणजे सगळीच्या सगळी भेसळ वाईट निघाली आणि एकेका अणूने एकेक इलेक्ट्रॉन खाल्ला तरी चार टक्क्यांच्या वर धक्का लागत नाही. तुमची फिल्म पेपरांपेक्षा शंभरपट खराब आहे, ती प्युरिटीने नाही.

दुसरं म्हणजे ते ९९.९९ कशाचं? कागदावर बारीक अक्षरात 'मेटल्स बेसिस' असतं. म्हणजे फक्त परके धातू मोजलेत, बाइंडरचा उरलेला कार्बन, ओलावा, वायू हे त्यात धरतच नाहीत. आणि बऱ्याचदा सर्टिफिकेट पावडरचं असतं, टार्गेटचं नाही. ती पावडर नंतर बॉल मिलमध्ये तासन् तास फिरते, गोळ्या झिजून त्यात काय काय मिसळतं ते कुणी परत तपासत नाही.

आता तीन गोष्टी सांगा: बेस प्रेशर (गॅस सोडण्याआधीचं व्हॅक्युम) किती, टार्गेट कॉपर प्लेटवर बाँड केलेलं (चिकटवलेलं) आहे की नुसतं क्लॅम्प, आणि टार्गेटचं वजन किती. वजन खरंच करा, तुकडे एकत्र ठेवून. २ इंच व्यास आणि ३ मिमी जाडी म्हणजे ६.१ घन सेंमी, पूर्ण घनतेचं असेल तर ३४ ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे.

पारदर्शक_काच
वजन केलं. २६ ग्रॅम 😐 टार्गेट जवळजवळ नवंच होतं, खड्डा फारसा पडलेला नाही. बाँडिंग नाही, नुसती रिंग लावून आवळलंय. बेस प्रेशर ५ × १०^-५ मिलिबार, डिफ्यूजन पंप आहे, त्याखाली जायला रात्र जाते म्हणून थांबत नाही.

व्हॅक्युमवाला_नागपूर
झालं की मग. २६ भागिले ३४ म्हणजे ७६ टक्के घनता. हे टार्गेट नाही, भाजलेली खडूची वडी आहे. सिंटर केलेलं (भट्टीत घट्ट भाजलेलं) चांगलं टार्गेट ९५ टक्क्यांच्या वर असतं. कमी घनतेचं म्हणजे आत भोकं, भोकांमुळे उष्णता पाठीमागे जात नाही, वरचा भाग तापून फुगतो, खालचा पाण्याने गार, ताण आला की तडकलं. शिवाय त्या भोकांत हवेतला ओलावा जाऊन बसतो आणि प्लाझ्मा लागला की हळूहळू बाहेर येत राहतो. म्हणजे तुमची दोन्ही दुखणी थोडीफार एकाच जागेची आहेत.

राहिलं व्हॅक्युम. १०^-६ टॉरला साधारण एका सेकंदात एक अख्खा थर बसेल एवढे रेणू पृष्ठभागावर आपटतात. तुमच्या ५ × १०^-५ मिलिबारला त्याच्या पस्तीसेक पट, आणि त्यात बहुतेक पाण्याची वाफ. सगळे चिकटत नाहीत हे मान्य, पण तुमची फिल्म सेकंदाला एक थरसुद्धा वाढत नसेल. एवढा ऑक्सिजन फुकट मिळाल्यावर अ‍ॅल्युमिनियम डोपिंग करायचं सोडून ऑक्साइड होऊन बसतं, ऑक्सिजन व्हेकन्सी (ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा) भरून निघतात, कॅरियर जातात. उलट स्पटरिंगचा वायू ५एन आर्गॉन ५ × १०^-३ मिलिबारला वापरला तर त्यातली भेसळ ५ × १०^-८, म्हणजे तुमच्या चेंबरच्या घाणीच्या हजारपट कमी. आधी गळती शोधा, ओ-रिंग बघा, रात्रभर पंप चालू ठेवा, १०^-६ च्या घरात जा. हे सगळं टार्गेटच्या पैशांपेक्षा स्वस्तात होतं.

फॅबवाला_तैवान
वरचं सगळं पटलं, पण वाचणाऱ्याला वाटायला नको की ५एन-६एन म्हणजे नुसता विकायचा फंडा. आमच्याकडे चिपच्या वायरिंगला ६एन कॉपर लागतं ते उगाच नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या लोकांनी दाखवलं होतं की पॅकेजिंगमधल्या युरेनियम-थोरियमच्या अंशातून निघालेल्या अल्फा कणांनी मेमरीतले बिट उलटतात, तेव्हापासून ही दोन नावं पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) वेगळी लिहून मागतात. सोडियम-पोटॅशियम ट्रान्झिस्टरच्या गेट ऑक्साइडमध्ये (पातळ इन्सुलेटर थरात) फिरत राहतात म्हणून तेही वेगळे. म्हणजे आम्ही नऊ मोजत नाही, यादी वाचतो. आणि सोडियम सगळीकडे व्हिलन नाही बरं, सीआयजीएस (कॉपर-इंडियम-गॅलियम-सेलेनाइड) सोलर सेलमध्ये काचेतून मॉलिब्डेनममधून वर येणारा सोडियम एफिशियन्सी वाढवतो.

चुंबक_चिमटा
मी थोडं उलट बोलतो. पारदर्शक_काच, तुमच्या ग्रुपमध्ये पुढे कुणी त्याच चेंबरमध्ये कोबाल्ट-मँगनीज टाकून झिंक ऑक्साइडमध्ये मॅग्नेटिझम बघणार असेल तर लोखंड-निकेलचे आकडे बघूनच घ्या, तिथे ४एन चालून जाईल असं म्हणू नका. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्म चुंबकीय असल्याचं नेचरमध्ये छापून आलं, पुढच्याच वर्षी दुसऱ्या ग्रुपने दाखवलं की स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने सॅम्पल उचललं तरी तसाच सिग्नल येतो. चिमट्याने! आमच्या लॅबमध्ये तेव्हापासून प्लॅस्टिकचे चिमटे, आणि नवीन पोरं विचारतात एवढं काय.

पारदर्शक_काच
मॅग्नेटिझम कुणी करत नाही, सुटलो. मग ४एनच घेतो, पण इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) काय लिहू? आमच्याकडे तीन कोटेशन आणि एल१, जो स्वस्त त्याला ऑर्डर, मागच्या वेळी नुसतं "एझेडओ टार्गेट, ४एन, २ इंच" लिहिलं होतं आणि ही वडी आली.

स्टोअर_आणि_परचेस
एल१ला शिव्या देऊन उपयोग नाही, स्पेसिफिकेशन ढिलं असलं की ढिलाच माल स्वस्तात बसतो. असं लिहा: घनता थिऑरेटिकलच्या किमान ९५ टक्के आणि मोजलेलं वजन रिपोर्टमध्ये द्यावं, अ‍ॅल्युमिना २ वजन टक्के, भेसळीचा रिपोर्ट तयार टार्गेटच्या लॉटचा, पावडरचा चालणार नाही, त्यात लोखंड, शिसं, कॅडमियम, सोडियम वेगळे दाखवावे, कॉपर बॅकिंग प्लेटवर इंडियम बाँडिंग. आणि "माल आल्यावर वजन करून स्वीकारला जाईल" ही ओळ टाकाच, या एका ओळीने अर्धे लोक आपोआप गळतात. बाँडिंग मागायच्या आधी गनचं मॅन्युअल बघा, ३ मिमी टार्गेट आणि ३ मिमी कॉपर मिळून ६ मिमी होतात, गनला तेवढी जाडी बसते का, नाहीतर ग्राउंड शील्डला टेकून शॉर्ट होईल.

व्हॅक्युमवाला_नागपूर
वरच्याला प्लस वन. बाँडिंग केल्यावर पॉवरचं लक्षात ठेवा, इंडियम १५६ अंशाला वितळतं, पाणी कमी झालं तर टार्गेट सुटून खाली येईल. २ इंचाला १०० वॉट म्हणजे ५ वॉट प्रति चौ. सेंमी, सिरॅमिकला मी तरी देत नाही. ६० च्या आत ठेवा, चढवताना मिनिटाला ५-१० वॉट, उतरवतानाही तसंच, धाडकन बंद करायचं नाही, उतरवताना तडकलेली मी जास्त बघितलीत. शटर बंद ठेवून १५ मिनिटं प्री-स्पटर.

अजून एक, काच टार्गेटच्या बरोबर समोर आहे का? एझेडओत रेसट्रॅकच्या (टार्गेटवर जिथे गोल खड्डा पडतो तो पट्टा) समोर ऑक्सिजनचे निगेटिव्ह आयन जोरात येऊन आदळतात, तेवढ्या पट्ट्यात रेझिस्टिव्हिटी जास्त येते. एकाच काचेवर मध्यापासून कडेपर्यंत फोर प्रोबने (चार टोकांनी रेझिस्टन्स मोजायचं साधन) पाच-सहा ठिकाणी मोजा, लगेच कळेल.

पारदर्शक_काच
बरोबर समोर आहे, ५ सेंमीवर. उद्या मोजतो. आणि हे तडकलेलं नवीन येईपर्यंत वापरलं तर?

व्हॅक्युमवाला_नागपूर
बाँड केलेलं असतं तर बारीक तडा असताना चाललं असतं. तुमचं सुटं आहे, फटीतून खालचं कॉपर दिसत असेल तर तेही स्पटर होऊन फिल्ममध्ये जाणार, आणि झिंक ऑक्साइडमध्ये कॉपर अ‍ॅक्सेप्टर आहे, उरलेसुरले कॅरियरही खाईल. नका वापरू. तोवर गळती शोधा.