दीड लाखात चौघांची बेटावरची सहल: अंदमान, श्रीलंका की मालदीव?

गोदाकाठ:
आम्ही नाशिकचे चौघे आहोत: आम्ही दोघे, सातवीतला मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत सात दिवस एखाद्या बेटावर जायचा विचार असून घरातून निघून घरी परतेपर्यंतचा सगळा खर्च दीड लाखात बसवायचा आहे. मुलाला पोवळी आणि रंगीत मासे प्रत्यक्ष पाहायचे आहेत. सासूबाईंचे माहेर सावरकरांच्या भगूरचे, त्यामुळे सेल्युलर जेल पाहण्याची त्यांची फार जुनी इच्छा आहे. मात्र गुडघे त्यांना फारसे चालू देत नाहीत आणि जेवण पूर्ण शाकाहारी लागते. मालदीवच्या स्वस्त पॅकेजच्या जाहिराती रोज दिसतात, तर ह्यांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने श्रीलंकाच सर्वांत स्वस्त पडते असे छातीठोकपणे सांगितले आहे. पासपोर्ट फक्त आम्हा दोघांकडे आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी:
ताई, बेटाच्या आधी महिन्याचा विचार करावा लागेल. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस सरलेला असतो, म्हणून तिकडेही सरला असेल असे आपण धरून चालतो; परंतु अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपतो न संपतो तोच ईशान्येकडचा पाऊस सुरू होतो, आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा एक हंगामही ऑक्टोबर-नोव्हेंबरचाच असतो. आम्ही अशाच एका दिवाळीत गेलो होतो. समुद्र खवळल्याने बोटी दोन दिवस बंद राहिल्या, स्वराज द्वीपावरील (जुन्या हॅवलॉकवरील) हॉटेलला भरलेले पैसे बुडाले आणि श्रीविजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, ऐनवेळी मिळेल त्या भावाने खोली घ्यावी लागली. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत जाणे जमत असेल तर मुलाची चार दिवसांची शाळा बुडाली तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट खर्चाची. आमच्या एकूण खर्चातील निम्म्याहून अधिक रक्कम विमानाच्या तिकिटांतच गेली. ती फार कमी करता येत नाही, पण उरलेल्या रकमेची गळती थांबवता येते. सहल आखून देणारे बहुतेक लोक रोज नवे बेट दाखवतात. प्रत्यक्षात प्रत्येक मुक्काम बदलताना हॉटेलपासून जेट्टीपर्यंत रिक्षा, मग बोट, मग पुन्हा रिक्षा असा चौघांचा खर्च तर होतोच, शिवाय अर्धा दिवस सामान सांभाळण्यात जातो. सात दिवसांत दोनच मुक्काम ठेवावेत: तीन रात्री श्रीविजयपुरम आणि तीन रात्री स्वराज द्वीप. सरकारी बोट खासगी बोटीपेक्षा संथ, पण बरीच स्वस्त असते. थोडी रोख रक्कम जवळ असू द्यावी. घड्याळ आपलेच असले तरी बेटे फार पूर्वेला असल्याने जानेवारीतही साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून दिवस पहाटेच सुरू करावा लागतो. उशिरा उठणाऱ्या कुटुंबाचे पैसे तिथे अक्षरशः अंधारात जातात.

जेवणाची काळजी नसावी. तिथे बंगाली आणि तमिळ वस्ती मोठी असल्याने वरण-भात आणि डोसा दोन्ही सहज मिळतात.

शिंपला:
मालदीव दीड लाखात अगदीच अशक्य नाही, मात्र जाहिरातीत दिसणाऱ्या पाण्यावरच्या खोल्या त्यात बसणार नाहीत. माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहावे लागेल. राजधानी मालेहून तिथे जाणारी सार्वजनिक बोट स्वस्त आहे, परंतु ती शुक्रवारी सुटत नाही, त्यामुळे शुक्रवारी उतरणाऱ्याला स्पीडबोटीचे भाडे मोजावे लागते. भारतीयांना व्हिसा पोहोचल्यावर विनाशुल्क मिळतो. पण २०२५ पासून छोट्या गेस्टहाउसमध्येही दर माणशी दर रात्री ६ डॉलर हरित कर आहे, म्हणजे चौघांचे सहा रात्रींचे १४४ डॉलर. पॅकेजच्या रकमेत तो धरला आहे का, हे अवश्य विचारावे. शिवाय तिथली नेहमीची न्याहारी म्हणजे मास हुनी, आणि ती ट्यूना मासा व खोबरे यांचीच असते. सासूबाईंना सात दिवस पाव-जॅमवर ठेवणे बरे दिसणार नाही.

मीठभाकर:
श्रीलंकेची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मुंबईहून कोलंबो थेट विमानाने सुमारे अडीच तासांवर आहे, आणि पुढे बोटीची गरजच नसल्याने वरती दर्यावर्दींनी सांगितलेली गळती तिथे होत नाही. कोलंबो फोर्ट स्थानकाहून गाल शहराकडे जाणारी रेल्वे बराच वेळ समुद्राला इतकी खेटून धावते की उजवीकडच्या खिडकीत बसल्यास लाटांचे तुषार अंगावर येतील असे वाटते, आणि भाडे किरकोळ असते. वाटेत हिक्कडुवाला उतरले तर किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पोवळी आणि समुद्री कासवे दिसतात. मात्र नैर्ऋत्य किनाऱ्याचा चांगला काळ डिसेंबर ते मार्च हाच. दिवाळीत तिथेही पाऊस असतो. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: खोबऱ्याच्या सांबोलात उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा, असू शकतो. दिसायला ती आपली ओल्या खोबऱ्याची चटणीच वाटते, म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारूनच पानात घ्यावी.

वाटसरू:
लक्षद्वीपचे नाव अजून कोणी घेतले नाही. समुद्र तिथला सर्वांत सुंदर, हे मी पैजेवर सांगेन. पण परवाना लागतो, कोचीहून जाणाऱ्या जहाजातील जागा मोजक्या असतात, आणि सासूबाईंना सेल्युलर जेल पाहायचे असेल तर हा विषय इथेच संपतो.

गोदाकाठ:
सर्वांची आभारी आहे. दोन नवे पासपोर्ट काढण्यापेक्षा तो खर्च बोटींकडे वळवावा असे घरात ठरले असून २६ जानेवारीनंतरच्या आठवड्यात अंदमानला जायचे नक्की केले आहे. दर्यावर्दींना एकच विचारायचे आहे: जेलमध्ये पायऱ्या किती चढाव्या लागतात? आणि मुलाला पोवळी दाखवताना सासूबाईंना कुठे बसवावे?

दर्यावर्दी:
सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे जिन्यानेच जावे लागते. सकाळी दार उघडताच गेल्यास गर्दी कमी असते आणि प्रत्येक मजल्यावर थांबत, कठड्याशी दम घेत चढता येते. नाहीच जमले तर फाशीघर आणि प्रांगण खालीच आहे, आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बसूनच पाहायचा असतो. तिकीट मात्र हिंदी खेळाचे मागावे.

पोवळ्यांसाठी मुलाला स्वराज द्वीपावरच्या एलिफंट बीचला न्यावे लागेल. तिथे बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावे लागू शकते, म्हणून तुमच्यापैकी एकानेच त्याच्यासोबत जावे आणि दुसऱ्याने सासूबाईंना त्याच बेटाच्या राधानगर किनाऱ्यावर न्यावे, कारण तिथपर्यंत गाडी जाते आणि झाडांच्या सावलीत बसता येते. त्यांनाही पोवळी पाहायची असतील तर शहीद द्वीपावर, म्हणजे नील बेटावर, भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटी आहेत. त्याच बेटावरच्या नैसर्गिक पुलाकडे मात्र त्यांना नेऊ नये. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या धारदार, निसरड्या खडकांवरून तिथे चालावे लागते. आमच्या कोकणातला तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याचा हिशेबही तिकडे लागू पडत नाही. मी तो लावून पाहिला आणि पूल न बघताच गुडघाभर पाण्यातून परत आलो. ओहोटीची वेळ तिथल्या रिक्षावाल्यालाच विचारावी.