मदत हवी आहे: दापोली कृषी विद्यापीठ, पहिल्या वर्षासाठी वसतिगृहाची खोली

भाचीला बी.एस्सी. कृषीला प्रवेश मिळतोय. दापोलीत वर्षाला 3,500 मिमीच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यामुळे खोली कुठली, हाच खरा प्रश्न. तळमजल्यावर ओल चढते, गाद्यांना बुरशी येते. वरच्या मजल्यावर स्लॅब गळायची भीती. पाऊस-वारा नैऋत्येकडून, म्हणून मधल्या मजल्यावरची पूर्वेकडची खिडकी उत्तम, झड आत येत नाही.

जाणकारांनी कृपया सांगा: खोल्या गुणांवर मिळतात की आधी येईल त्याला? नंतर बदलून मिळते का? कपडे वाळवायला छपराखाली जागा आहे? वीज गेल्यावर पंप बंद, मग टाकीचं पाणी किती वेळ पुरतं? मेसची अनामत वेगळी भरायची का?