उत्तर: सात सीटर गाडीचं फिटनेस दरवर्षी लागतं का?

वर एकांनी लिहिलंय की सात सीटर घेतली की दरवर्षी आरटीओत फिटनेसला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याच्या दाखल्याला, उभं राहावं लागतं. तसं नाही हो. घरच्या गाडीची पांढरी नंबरपाटी आणि भाड्याच्या गाडीची पिवळी, ही गल्लत आहे. भाड्याच्या पिवळ्या पाटीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस. घरच्या गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. ती संपायच्या आत फॉर्म २५ भरायचा, गाडी तपासून घ्यायची, मग पुढची ५ वर्षं मिळतात. पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, वेगळी. बीएस ४ आणि बीएस ६ या धुराच्या नव्या मानकांच्या गाड्यांना ती वर्षाची, जुन्या गाड्यांना सहा महिन्यांची.

म्हणजे १५ वर्षं तुमचे ब्रेक सरकारी माणूस बघतच नाही! पीयूसीवाला फक्त धूर मोजतो.

आमची सात सीटर गेल्या पावसाळ्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजला नेली, आवाज येतोय म्हणून. मिस्त्रींनी पुढचं चाक काढलं आणि ब्रेकचा रबरी पाइप बोटांनी वाकवून दाखवला. बारीक भेगा, त्यातनं ऑइल पाझरलेलं. "असंच गगनबावड्याचा घाट उतरणार होता काय?" म्हणाले. खरंच त्याच रविवारी सात जण कोकणात निघालो होतो.

टायरची नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की टायर बाद, हाही नियमच आहे. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की बदलायचा.