मेमेंटो, कवटीचे घड्याळ आणि भरलेली घटका

प्रश्न: सतराव्या शतकातल्या युरोपीय घड्याळांवर लिहिते आहे. चांदीची छोटी कवटी, खालचा जबडा उघडला की आत तबकडी! गळ्यात किंवा कमरेला अडकवत. लिलावाच्या एका यादीत तिला 'नॉव्हेल्टी ज्वेलरी' म्हटलंय, पुढे 'मेमेंटो मोरी'. मराठीत 'गमतीचा दागिना' आणि 'मृत्यूचे स्मृतिचिन्ह' चालेल का?

उत्तर: 'दागिना' ठेवा, 'गमतीचा' काढा. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७५ मध्ये तोलचक्राला, म्हणजे घड्याळाची गती राखणाऱ्या चाकाला, बारीक स्प्रिंग जोडली आणि वेळ नेमकी दिसू लागली. त्याआधीच्या अशा घड्याळांना बहुधा तासकाटा तेवढा असे आणि वेळ रोज बरीच चुकायची. म्हणजे ती अंगावर घालायलाच घेतली जात. पण कवटी घालणारा थट्टा करत नव्हता, तो धर्माचं सांगणं जवळ बाळगत होता. क्रूस, ट्यूलिपची कळी, शिंपला असेही घाट होते. सगळ्यांना मिळून 'आकारी घड्याळे' म्हणता येईल.

'स्मृतिचिन्ह' मात्र नको. सत्कारात शाल-श्रीफळासोबत देतात तो 'मेमेंटो' (दुकानांच्या पाट्यांवर 'मोमेंटो'सुद्धा) ही वस्तू झाली. लॅटिनमध्ये ते आज्ञार्थी क्रियापद आहे: लक्षात ठेव. 'मोरी' म्हणजे मरणे. दोन्ही मिळून 'तुला मरायचंय, विसरू नकोस'. गेलेल्या माणसाची आठवण ठेवायला इंग्लंडमध्ये वेगळा दागिना होता: नाव आणि मृत्यूची तारीख कोरलेली, कधी त्याचे केस बसवलेली अंगठी. तिला 'दुखवट्याची अंगठी' म्हणावं. 'मेमेंटो मोरी'साठी दासबोधातलं 'मरणाचें स्मरण असावें' शब्दाला शब्द जुळतं.

आणखी एक: मराठीत घड्याळ आणि मरण आधीच एका शब्दात नांदताहेत. आजोळी घटिकापात्र होतं. तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं छिद्र. लग्नाच्या मुहूर्तासाठी ती पाण्यावर सोडत. पाणी आतून हळूहळू चढतं, कड पाण्याला टेकते आणि वाटी एकदम तळाला जाते. ती एक घटका, २४ मिनिटं. म्हणून 'त्याची घटका भरली', म्हणून 'शेवटच्या घटका मोजतोय'. बोलताना ती बुडणारी वाटी आता कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. लेखात लॅटिन शब्द तसेच राहू द्या, अर्थ समर्थांच्या शब्दांत द्या, पण मथळ्यात 'घटका' हवीच.