मदत हवी आहे : दोमिनिक दान यांच्या कादंबऱ्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

ब्रातिस्लाव्हात खुनांचा तपास केलेले एक पोलीस अधिकारी 'दोमिनिक दान' या टोपणनावाने २००५ पासून स्लोव्हाक भाषेत कादंबऱ्या लिहीत आहेत, आणि त्यांचा नायक रिखार्ड क्राउझ हाही खुनांचाच तपास करतो. मालिकेतील एका कादंबरीवर बेतलेला 'लाल कप्तान' हा २०१६ चा चित्रपट मी नुकताच पाहिला : १९९२ चा उन्हाळा, फुटायला टेकलेला चेकोस्लोव्हाकिया आणि कवटीत ठोकलेला खिळा. (तो खिळा माझ्याही डोक्यातून अद्याप निघालेला नाही.) ही मालिका प्रकाशनाच्या क्रमाने वाचावी की कथेतील वर्षांच्या, आणि स्लोव्हाक न येणाऱ्याने कोणत्या भाषेतील अनुवाद शोधावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.