मेलिंग लिस्टवर माझी नवी मेल पोचते, रिप्लाय मात्र गायब होतात. मदत हवी आहे

एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांची मेलिंग लिस्ट आहे (तिच्या पत्त्यावर मेल टाकली की सगळ्या सभासदांना जाते), तिची मी जुनी सभासद. इतके दिवस बहुतेक वाचनमात्र होते. हल्ली मला येतात असे प्रश्न दिसायला लागले म्हणून उत्तरं लिहायला घेतली, तर एकही उत्तर लिस्टवर उमटत नाहीये.

गंमत अशी की मी स्वतः नवा प्रश्न विचारला की तो व्यवस्थित पोचतो, लोक उत्तरंही देतात. अडतं ते फक्त रिप्लायचं. बाऊन्स (मेल पोचली नाही अशी परतीची मेल) येत नाही, "मॉडरेटरकडे पाठवली आहे" अशी सूचना नाही, सेंट फोल्डरमध्ये मेल नीट दिसते. म्हणजे माझ्याकडून गेली, पण पुढे तिचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. लिस्ट मेलमॅन या मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. अ‍ॅडमिनला लिहिलंय, पण तो स्वयंसेवक माणूस, सवडीने उत्तर देईल. तोवर मला माझ्या बाजूने काय तपासता येईल?

तारयंत्र:
आधी 'टू'मध्ये कोणाचा पत्ता आहे ते बघा. बऱ्याच लिस्टवर नुसतं 'रिप्लाय' दाबलं की उत्तर मूळ लेखकाला जातं, लिस्टला नाही. थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये 'रिप्लाय लिस्ट' असं वेगळं बटण असतं. लिस्टवरून आलेल्या मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या तांत्रिक माहितीत) लिस्ट-पोस्ट म्हणून एक ओळ असते, तिच्यातला पत्ता ते बटण उचलतं. 1998 सालच्या आरएफसी 2369 या इंटरनेट मानकापासूनची सोय आहे, पण किती जण वापरतात कोण जाणे.

धागालेखिका:
'रिप्लाय ऑल'च करते. लिस्टचा पत्ता सीसीमध्ये आहे, अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. आणि ज्यांना उत्तर दिलं त्यांना ते मिळालंय, त्यातल्या एकाने मला थेट आभाराची मेलही पाठवली. फक्त लिस्टला नाही.

कोरा_कागद:
तुम्ही जीमेलवर आहात का? लिस्टवरून फिरून आलेली आपलीच मेल जीमेल इनबॉक्समध्ये दाखवत नाही. मेसेज-आयडी (मेलची ओळखखूण) तोच असतो, त्यामुळे सेंटमधल्या प्रतीवरच भागवतं. नवीन माणसं हमखास घाबरतात. प्रत्यक्षात मेल सगळ्यांना गेलेली असते.

धागालेखिका:
नाही, जीमेल नाही. शिवाय लिस्टच्या अर्काइव्हमध्येही (जुन्या मेलच्या संग्रहात) माझे रिप्लाय नाहीत.

अर्धविराम:
मग डीमार्क, म्हणजे फ्रॉममधल्या डोमेनच्या नावे आलेली मेल खरी आहे का ते तपासायची व्यवस्था! 2014 मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी 'रिजेक्ट' (तपासणीत नापास मेल नाकारा) धोरण लावलं तेव्हापासून लिस्टवाल्यांच्या मागे हे लचांड लागलंय. लिस्ट विषयाच्या आधी कंसात नाव टाकते, मेलच्या खाली तळटीप चिकटवते, त्यामुळे मूळ डीकेआयएम सही (पाठवणाऱ्या सर्व्हरने मेलवर केलेली डिजिटल सही) मोडते आणि समोरचा सर्व्हर मेल नाकारतो.

निरोप्या:
अर्धविराम, डीमार्क खरं आहे, पण इथे ते लागू पडत नाही. तो घोळ लिस्टने मेल स्वीकारून सभासदांना वाटायला घेतली की मग होतो. तेव्हा काही जणांना मेल मिळते, काहींना नाही, पण अर्काइव्हमध्ये ती हजर असते. धागालेखिकेची मेल अर्काइव्हमध्येच नाही, म्हणजे ती दारातच अडली आहे. कुठल्याही लिस्टच्या तक्रारीत मी आधी अर्काइव्ह बघतो, अर्धी डोकेफोड तिथेच वाचते.

आता दारात मेल का अडते? मेलमॅन 2 मध्ये मूळ सेटिंग असेल तर 40 केबीहून मोठी मेल थांबते, त्यामुळे खाली सगळं जुनं संभाषण तसंच ठेवून रिप्लाय करणारे यात सापडतात. 'टू' आणि सीसी मिळून 10 पत्ते झाले तरी थांबते. लिस्टचा पत्ता बीसीसीत टाकला तरी थांबते. पण हे सगळं मॉडरेटरसाठी रोखून ठेवलं जातं आणि बहुधा तशी सूचना पाठवणाऱ्याला जाते. तुम्हाला काहीच येत नाही. असं चिडीचूप गायब होणं म्हणजे बहुतेक वेळा एकच: ज्या पत्त्यावरून मेल आली तो सभासदांच्या यादीत नाही, आणि स्पॅमला वैतागून अ‍ॅडमिनने अशा मेल थेट टाकून द्यायचं सेटिंग केलंय.

तर आता सांगा: तुमच्या पोचलेल्या मेलचा फ्रॉम आणि न पोचलेल्या रिप्लायचा फ्रॉम एकच आहे का?

धागालेखिका:
दोन्ही शेजारी उघडून पाहिल्या. वेगळे आहेत! लिस्टला सभासद जुन्या पत्त्यावरून झाले होते. त्या खात्यावर येणारं सगळं आता नव्या खात्यात फॉरवर्ड होतं. माझ्या मेल प्रोग्राममध्ये दोन्ही खाती आहेत. पण मग नवे प्रश्न जुन्या पत्त्यावरून का जातात?

निरोप्या:
नवा प्रश्न लिहायला सुरुवात कुठून करता?

धागालेखिका:
लिस्टच्या माहिती-पानावर तिचा पत्ता आहे, त्यावर क्लिक करून.

निरोप्या:
मग उलगडलं. तशा लिंकवर क्लिक केलं की प्रोग्राम डिफॉल्ट खातं घेतो, ते तुमचं जुनं. रिप्लाय करताना मात्र मेल ज्या खात्याच्या फोल्डरमध्ये पडली आहे ते खातं घेतो, ते नवं. लिस्टच्या मेलवर 'टू'मध्ये लिस्टचाच पत्ता असतो, त्यामुळे ही मेल मुळात तुमच्या कोणत्या पत्त्यासाठी होती हे त्याला कळायला आधार नाही.

एकदा खात्री करून घ्या. मेलमॅन 2 असेल आणि अ‍ॅडमिनने बंद केली नसेल तर दर महिन्याच्या 1 तारखेला पासवर्डची आठवण करून देणारी मेल येते. ती ज्या पत्त्याच्या नावे आहे तोच तुमचा सभासद पत्ता.

अर्धविराम:
सोपं आहे मग. रिप्लाय करताना फ्रॉममध्ये जुना पत्ता टाइप करायचा.

निरोप्या:
नुसता टाइप करू नका हो! मेल नव्या खात्याच्या सर्व्हरवरून जाणार आणि वर नाव जुन्या डोमेनचं. एसपीएफ (डोमेनच्या नावे कोणत्या सर्व्हरनी मेल पाठवायची त्याची नोंद) आणि डीकेआयएम दोन्ही त्या नावाशी जुळणार नाहीत, आणि मग मघाशी तुम्ही म्हणालात तो डीमार्क खरोखरच आडवा येईल. फ्रॉमच्या यादीतून जुनं खातं निवडा, म्हणजे मेल त्याच खात्याच्या आउटगोइंग सर्व्हरवरून जाईल.

पण हे दर वेळी लक्षात ठेवणं कटकटीचं. मी असतो तर नवा पत्ताही लिस्टवर सबस्क्राइब केला असता आणि सभासद-सेटिंगमध्ये त्याची मेल डिलिव्हरी बंद केली असती. लिहायचा हक्क मिळतो, आणि एकच मेल दोनदा येत नाही.

तारयंत्र:
यात भर: पत्त्यातले टिंबही तपासा. जीमेल टिंबं धरत नाही, लिस्टचा सर्व्हर धरतो. टिंब देऊन सभासद झालात आणि बिनटिंबाच्या पत्त्यावरून लिहिलंत तर त्याच्या लेखी तुम्ही परक्या. अधिक चिन्ह लावलेल्या पत्त्यांचंही तेच.

धागालेखिका:
नवा पत्ता सबस्क्राइब केला, पुष्टीच्या मेलला उत्तर दिलं, डिलिव्हरी बंद केली. मग एका चालू चर्चेत रिप्लाय टाकला, तो अर्काइव्हमध्ये दिसतोय! सगळ्यांचे आभार. आधीचे रिप्लाय परत मिळतील का, की पुन्हा पाठवू?

निरोप्या:
टाकून दिलेल्या मेल लिस्टकडे उरत नाहीत. पुन्हा पाठवा, पण नवी मेल करून मजकूर चिकटवू नका. त्या त्या मूळ मेलवर रिप्लाय करूनच पाठवा, नाहीतर इन-रिप्लाय-टू (हे कोणत्या मेलचं उत्तर आहे ते सांगणारी हेडरमधली ओळ) जाणार नाही आणि उत्तर चर्चेपासून सुटं पडेल. आणि अ‍ॅडमिनला सुचवून बघा, परक्या पत्त्यांच्या मेल टाकून देण्याऐवजी रोखून ठेवता येतील का. त्याचं काम वाढेल, तेव्हा नाही म्हणाला तर रागावू नका.